गरजवंताची पत

गरजवंताला अक्कल नसते, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती बहुधा ज्याची गरज भागलेली आहे अशाच माणसाच्या तोंडून ऐकू येते. ओळखीच्या रिक्षावाल्याने दरमहा शेकडा दहा व्याजाने पैसे उचलले असे कळले, म्हणजे आपण सुखवस्तू माणसे ही म्हण उच्चारतो आणि विषय संपला असे मानतो. परंतु ह्या एका वाक्यात आपण दोन निर्णय एकदम देऊन टाकलेले असतात. त्या माणसाला हिशेब कळत नाही, हा पहिला. आणि म्हणून जे त्याच्या वाट्याला आले ते त्याने स्वतःच ओढवून घेतले, हा दुसरा. हे दोन्ही निर्णय विचाराच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी उदाहरणही मुद्दाम अगदी क्षुल्लक वाटणारे घेतो, ते म्हणजे रिक्षाचा टायर.

सोलापूर हे एके काळी गिरण्यांचे गाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे शंभर वर्षे भोंग्याच्या आवाजावर गावाचे घड्याळ चालले. गिरणीकामगाराचा पगार थोडा असे. पण तो ठरल्या तारखेस येई, आणि त्या तारखेच्या भरवशावर वाणी त्याच्या नावाचे खाते चालवी. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा कामगारांच्या हातचे काम तर गेलेच. परंतु त्याबरोबर दुसरीही एक वस्तू गेली, ती म्हणजे पत. आज त्या घरांतील मुले-नातवंडे यंत्रमागावर आहेत, विड्या वळीत आहेत, अथवा रिक्षा चालवीत आहेत. मिळकत एखाद्या दिवशी बरी असेल, एखाद्या दिवशी नसेल. परंतु पगाराचा कागद कोणापाशीच नाही.

अशा माणसाच्या रिक्षाचा टायर गोटा होतो. मोटार वाहन नियमांप्रमाणे तीनचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. हा नियम रास्त आहे, कारण त्या रिक्षात शाळेची मुले बसतात, आणि पहिल्या पावसात ओल्या डांबरावर गुळगुळीत चाक कोठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. आता समजा, नवा टायर सोळाशे रुपयांस मिळतो आणि सोळा महिने टिकतो. वापरलेला टायर सहाशेस मिळतो आणि चार महिने टिकतो. पहिल्याचा खर्च महिन्याला शंभर रुपये पडला, दुसऱ्याचा दीडशे. सोळा महिन्यांच्या अखेरीस ज्याच्यापाशी आरंभी सोळाशे होते त्याचे सोळाशेच गेले. ज्याच्यापाशी नव्हते त्याचे चोवीसशे गेले, शिवाय पंक्चरे, बुडालेल्या फेऱ्या आणि पोलिसाचा दंड हे निराळेच. आणि त्याने सोळाशे रुपये शेकडा दहाने काढून नवाच टायर घेतला, तर मुद्दलाला हात न लागता दरमहा एकशे साठ व्याजापायी जाणार. म्हणजे दहा महिन्यांत टायरची किंमत एकदा भरूनही ती पुन्हा देणे बाकीच राहणार.

हा हिशेब त्या रिक्षावाल्यास कळत नाही, असे म्हणणाऱ्याने त्याच्याशी पाच मिनिटे बोलून पाहावे. तो आपल्यापेक्षा अधिक बारकाईने हिशेब करतो; कारण आपण महिन्याचा करतो, त्याला रोजचा करावा लागतो. त्याला ठाऊक असलेली आणि आपण विसरत असलेली गोष्ट एवढीच की, रिक्षा उभी राहिली तर त्याच दिवशी चूल थंड होते. हातावर पोट असलेल्या माणसाला बँकेच्या उत्तराची पंधरा दिवस वाट पाहता येत नाही. तेव्हा गरजवंताला अक्कल नसते हे खरे नव्हे; गरजवंताला अवधी नसतो, हे खरे. जास्त व्याज देऊन तो विकत घेतो तो अवधीच होय. हे केवळ आपल्याच गावी घडते असेही नाही. डेव्हिड कॅप्लोविट्झ ह्या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची पाहणी करून १९६३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गरीब माणूस हप्त्याने घेतलेल्या त्याच वस्तूस अधिक पैसे मोजतो, हे त्या ग्रंथाच्या नावातच सांगितलेले आहे. ज्या देशात दारोदार मोटारी आहेत तेथेही दारिद्र्य हे महागच असते.

येथवर पहिल्या निर्णयाचा विचार झाला. आता दुसरा, आणि खरा कठीण, प्रश्न असा: ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे त्याने सर्वांत जास्त दर द्यावा, हे न्याय्य आहे काय?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ह्या प्रश्नास दोन उत्तरे दिली आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर वर्णानुसार सांगितलेले आहेत: दरमहा ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. म्हणजे ज्याला समाजाने सर्वांत खाली बसविले, त्यालाच पैसाही सर्वांत महाग. कौटिल्याची दृष्टी निराळी आहे. तो दरमहा शेकडा सव्वा हा धर्म्य दर मानतो. परंतु व्यापाऱ्यांस पाच, रानावनांतून माल नेणाऱ्यांस दहा आणि समुद्रपर्यटन करणाऱ्यांस वीसपर्यंत मुभा देतो. येथे ऋणको कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिलेले नाही. पैसा बुडण्याचा संभव किती, हे पाहिले आहे. पहिला दर जन्माचा, दुसरा जोखमीचा. आजच्या कोणाही सुशिक्षित माणसास पहिला अन्यायाचा आणि दुसरा रास्त वाटेल, आणि आजची सर्व पेढी-व्यवस्था कौटिल्याच्याच मार्गाने चालते असे ती सांगेल.

पण ती खरोखर तशी चालते काय? आज माणसाची पत एका आकड्यात मांडली जाते. २००० साली स्थापन झालेल्या सिबिल ह्या संस्थेने ही पद्धती आपल्याकडे आणली. हा आकडा तीनशे ते नऊशे ह्यांच्या दरम्यान असतो. त्याला जात ठाऊक नाही, धर्म ठाऊक नाही. मागील हप्ते वेळेवर आले की नाहीत, हे तो प्रामुख्याने पाहतो. ह्या निःपक्षपाताचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. तथापि कौटिल्याच्या समुद्रपर्यटन करणाऱ्या व्यापाऱ्यात आणि सोलापूरच्या रिक्षावाल्यात एक मोठा भेद आहे. व्यापारी जोखीम नफ्यासाठी आपण होऊन पत्करतो. गलबत सुखरूप परतले तर वीस टक्के देऊनही त्याच्या हाती घबाड राहते. रिक्षावाल्याने जोखीम पत्करलेली नाही. तो तीत जन्मला. बापाची गिरणी बंद पडली, आईच्या दुखण्यात दोन हप्ते चुकले, आणि आकडा खाली आला. जोखमीचा म्हणून ठरविलेला दर अशा रीतीने फिरून जन्माच्याच दरापाशी येऊन ठेपतो. मनूचा नियम पुस्तकातून गेला. त्याचे फळ मात्र पुष्कळ अंशी बाजारात शिल्लक राहिले.

ह्याहूनही सूक्ष्म असा एक घोटाळा येथे आहे. पतीचा आकडा हे एक भाकीत आहे. हा मनुष्य पैसे परत करील असा संभव किती, एवढेच ते सांगते. परंतु आपण त्याला न्यायनिवाडा समजतो. देता येत असून न देणारा लबाड आणि द्यावयाची इच्छा असून देता न येणारा अभागी, हे दोघे आकड्यात एकाच रांगेत बसतात. सावकाराच्या दृष्टीने ह्यात वावगे काही नाही, कारण पैसा दोघांकडूनही तितकाच बुडतो. नीतीच्या दृष्टीने मात्र त्या दोघांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपल्या भाषेत पत हा शब्द पैशाच्या व्यवहारापुरता राहिलेला नाही. पत गेली म्हणजे अब्रू गेली असेच आपण समजतो. म्हणून भाकिताची निवाड्याशी गल्लत करणे आपल्याकडे विशेष घातक ठरते.

धनकोचीही बाजू ऐकली पाहिजे. न ऐकता दिलेला निकाल हा निकालच नव्हे. थोड्या रकमेचे कर्ज देण्यास आणि वसूल करण्यास लागणारे श्रम मोठ्या रकमेच्या मानाने फारसे कमी नसतात. काही कर्जे बुडतात, आणि त्यांची भरपाई उरलेल्यांच्या व्याजातून व्हावी लागते. अ‍ॅडम स्मिथ हा खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता असूनही त्याने व्याजाच्या दरास कायद्याची मर्यादा असावी असे म्हटले. त्यावर बेन्थॅमने १७८७ साली व्याजखोरीच्या समर्थनार्थ पत्ररूप पुस्तक लिहिले. दोन शहाणी माणसे राजीखुशीने करार करीत असता सरकारने मध्ये का पडावे, हा त्याच्या युक्तिवादाचा आशय होय. त्या युक्तिवादाचे सारे बळ राजीखुशी ह्या शब्दात आहे. ज्याला दुसरा दरवाजाच उघडा नाही, त्याच्या होकारास राजीखुशी म्हणावे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ कायद्याने देऊ पाहिले तर काय होते, ह्याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतलेला आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जखते जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस प्रथम लागू झाला. खतावर काय लिहिले आहे तेवढेच न पाहता मुळापासून व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद करणे बंद झाले. कायदा सद्हेतूचा होता. परंतु सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती काढली, कित्येकांनी कर्ज देणेच आखडते घेतले, आणि गरज होती तेथेच राहिली. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. तरी पन्नास वर्षांनंतर, १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे तीनच टक्के सहकारी संस्थांकडून येते आणि सुमारे सत्तर टक्के सावकारांकडून. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. तरीही ती चालतेच. तात्पर्य, वाईट दरवाजा बंद करणे पुरेसे नाही. त्याआधी चांगला दरवाजा उघडावा लागतो.

तो उघडण्याचे काही प्रयत्न झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१५ सालच्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणावाचून देण्याची तरतूद झाली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी लहान कर्जांच्या बाबतीत असे ठरविले की, कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत, आणि हे पाहण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची आहे. मात्र त्याच नियमांनी व्याजाच्या दरावरील ठराविक मर्यादा काढून टाकली. ह्यांतील दुसऱ्या तरतुदीविषयी मतभेद होईल; पहिलीतील नैतिक तत्त्व मात्र मोलाचे आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असा उपदेश आजवर आपण घेणाऱ्यासच करीत आलो. देणाऱ्यानेही ते अंथरूण पाहिले पाहिजे, हे येथे स्पष्टपणे सांगितले गेले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माझे उत्तर असे आहे की, जोखमीमुळे दर काहीसा अधिक असणे हा अन्याय नव्हे. परंतु जी जोखीम ऋणकोने निर्माण केली नाही, तिचा सगळा भार एकट्या त्याच्यावर टाकणे हा अन्याय आहे. त्याच्या टायरवर त्याच्याएवढीच आपलीही मुले विसंबून असतात. गोटा चाकाबद्दल दंड करावयाचा आणि नव्या चाकाची सोय कोणी पाहावयाची नाही, अशी व्यवस्था जो समाज करतो, तो केवळ अर्धाच न्याय करतो. ऋणकोवरही कर्तव्य आहेच: शब्द दिला तो पाळावा, आणि पाळता येत नसेल तेव्हा तोंड न चुकविता तसे सांगावे. परंतु तसे सांगितल्यावर अपमान होणार नाही, अशी हमी समोरच्याने दिल्यावाचून ह्या कर्तव्याची अपेक्षा करता येत नाही.

तुकाराम महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. तेवढे वैराग्य आपल्यासारख्या संसारी माणसांकडून कोणी मागत नाही. पण मराठीत दान आणि कर्ज ह्यांच्यामध्ये तिसरा एक शब्द आहे: उसने. उसने शेजाऱ्यास देतात. त्यावर व्याज घेत नाहीत, आणि ते परत येईल हे गृहीत धरतात. दानाने घेणाऱ्याचा हात खाली राहतो, व्याजाने तो पिळला जातो. उसन्यात मात्र घेणारा आणि देणारा एकाच पायरीवर उभे असतात, कारण उद्या पाळी उलटेल हे दोघांसही ठाऊक असते. आपल्या घरी धुणे-भांडी करणाऱ्या बाई, आपल्या मुलांस रोज शाळेत नेणारा रिक्षावाला, ह्यांनी कधी हजार-दोन हजार मागितले, तर पुष्कळ घरांत ते एक तर उपकार म्हणून दिले जातात, किंवा बुडतील म्हणून नाकारले जातात. ज्याच्या हाती आपण आपले मूल दहा वर्षे बिनधास्त सोपवितो, त्याच्या हाती सोळाशे रुपये सोपविताना आपणांस त्याची पत आठवावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या माणसाची पत कोणत्याही पेढीपेक्षा आपणांस अधिक ठाऊक असते. आणि जे ठाऊक आहे त्याला अनुसरून वागणे, हे निदान आपल्या हातचे आहे.