घरगुती म्हणजे कोणाच्या घरचं?

कणकवलीत महामार्गालगतच्या दुकानांत काजूगर, कोकम आगळ आणि फणसपोळीच्या शेजारी अलीकडे आणखी दोन वस्तू दिसू लागल्या आहेत: साबणाच्या वड्या आणि करवंटीत ओतलेल्या मेणबत्त्या. वडीला तपकिरी कागदाची पट्टी, त्यावर सुतळीची गाठ आणि तीन शब्द. घरगुती, नैसर्गिक, केमिकल-फ्री. हे शब्द खरे आहेत का, असं विचारणं काहींना अतिरेक वाटेल. ज्या मुलखात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीतून विकला जातो, तिथे साबणाच्या वडीवरच्या शब्दांची झडती कशाला घ्यायची? पण पेटीतला आंबा बदलणाऱ्याला आपण फसवतो आहोत हे ठाऊक असतं. साबण करणारीला बहुतेक वेळा तसं वाटत नाही. म्हणूनच मला हा प्रश्न जास्त अवघड वाटतो.

आधी साबणाचं बघू. तेल आणि अल्कली यांची रासायनिक क्रिया झाल्याशिवाय साबण तयारच होत नाही. एक किलो खोबरेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. वडीत थोडं तेल शिल्लक राहावं म्हणून जाणकार १७०-१७५ ग्रॅमवरच थांबतात. पाण्यात सोडा घातला की भांडं चटका बसण्याइतकं तापतं, वाफ नाकात गेली तर ठसका लागतो, थेंब उडाला तर कातडी भाजते. म्हणून हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि पोरांना बाहेर पिटाळणं. ओतलेली वडी चार ते सहा आठवडे वाळवायची. जुलैतल्या आपल्याकडच्या हवेत ती वाळण्याऐवजी घामेजते, कारण तिच्यातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. एवढं सगळं नीट पार पडलं तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही, आणि हे खरोखर सांगण्यासारखं आहे. 'केमिकल-फ्री' म्हटलं की नेमकं हेच झाकलं जातं. दुसरी वाट तयार 'सोप बेस'ची. कारखान्यात बनलेला बेस आणायचा, वितळवायचा, रंग-वास घालून साच्यात ओतायचा. ही वाट धरणारी 'मी कॉस्टिकला हातही लावत नाही' असं शपथेवर सांगू शकते. रसायन तिच्या घरी नसतं, तिच्या आधीच्या कारखान्यात असतं, एवढंच.

मेणबत्तीचंही तसंच. करवंटी इथलीच, तिला काथ्याने घासून गुळगुळीत करणारे हातही इथलेच. आतलं मेण मात्र बहुधा पॅराफिन, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघालेलं. सोयाचं मेण वापरलं तर तेही कोकणातल्या शेतातलं नव्हे.

'आजीच्या वेळचा साबण' हा शब्दप्रयोगही तपासावा. आमच्याकडच्या आज्यांनी घरी साबण केल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. त्यांच्याकडे शिकेकाई होती, रिठा होता, डाळीचं पीठ होतं, भांड्यांना राख होती. उजेडाला मेणबत्ती नव्हती, उंडीच्या किंवा करंजाच्या तेलाचा दिवा होता. हिवाळ्यात टाचांच्या भेगांना मुठेल लावायचं. कोकमाच्या बियांचा गर कुटून, पाण्यात उकळून, वर आलेली चरबी काढून हाताने मुठीएवढे गोळे वळायचे. हे खरं घरगुती, आणि ते विकायला कुणी काढत नसे. काढलंच तर आठवडा बाजारात एखाद्या म्हातारीच्या टोपलीत, कागदाच्या पट्टीशिवाय.

साबण आपल्याकडे आला तोच मुळी कारखान्यातून, आणि तरी तो घरचा झाला. दिवाळीच्या पहाटेचा मोती साबण टाटा ऑइल मिल्सचा. पुढे ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. तरी नरकचतुर्दशीला उटण्याशेजारी ठेवलेली ती गोल वडी अनेक मराठी घरांना आपली वाटते. म्हणजे वस्तू कुठल्या छपराखाली तयार झाली, यावर तिचं घरगुतीपण ठरत नाही. ते ठरतं ओळखीवर. शेजारच्या काकूंचं लोणचं घेताना आपण बरणीवर काही वाचत नाही. काकू हात धुतात की नाही, तेल कुठून आणतात, मीठ कमी पडलं तर कबूल करतात की नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. उद्या लोणचं बिघडलं तर त्या समोरच राहतात. 'घरगुती' या शब्दात ही सगळी माहिती आणि ही जबाबदारी भरलेली असते.

वडी कुरिअरने डोंबिवलीला जाते तेव्हा काकू बरोबर जात नाहीत. शब्द तेवढा जातो. घेणाऱ्याला त्या शब्दामागे एक चेहरा दिसतो, एक अंगण दिसतं, आणि तो त्याचे पैसे देतो. ओळख पाठवता येत नसेल तर ओळखीने जे आपोआप कळलं असतं ते लिहून पाठवायला हवं, असं मला वाटतं. कायदाही हळूहळू इथेच पोचलेला दिसतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येतून साबण पूर्वी चक्क वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने तो आत आला. २०२० च्या नियमांप्रमाणे अंगाचा साबण विक्रीसाठी करायचा तर परवाना लागतो, वेष्टनावर घटक लिहावे लागतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर साबण करणाऱ्या कितीजणींना हे कुणी समजावून सांगितलं आहे, हा वेगळा विषय.

यावर करणारीचं उत्तर तयार असतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. ओळखीतल्या एका वहिनींनी मला एका वाक्यात ऐकवलं, "कॉस्टिक लिवलां तर घेतलो कोण?" शेजारच्या स्टॉलवर 'शंभर टक्के केमिकल-फ्री' लिहिलेलं असताना हिने खरं लिहिलं, तर गिऱ्हाईक तिकडे जाणार. खरेपणाचा भुर्दंड एकटीने का सोसावा? शिवाय या पैशातून मुलीची फी जाते. नीतीची चर्चा करणाऱ्याची फी यातून जात नाही.

मी या उत्तराशी बराच वेळ अडलो. मग त्यांचा हिशेब विचारला. तेल, सोडा, सुगंधी तेल, कागद, सुतळी, कुरिअर. एक किलो तेलाच्या घाण्यातून शंभर ग्रॅमच्या तेरा-चौदा वड्या. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव चढले तेव्हा तेलाचा आकडा वाढला, तोही मांडलेला होता. त्यांच्या स्वतःच्या वेळेचा रकाना मात्र नव्हता. वजन करणं, ढवळणं, कापणं, दीड महिना वड्या उलटत राहणं, गाठी मारणं, फोनवर उत्तरं देणं, कशालाच आकडा नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मी घरातच आसतंय मां!"

आता गिऱ्हाईक काय म्हणतं तेही ऐका. "घरीच तर केलंय, एवढे कसले?" दोन्ही बाजूंचा समज एकच की घरात केलेल्या कामाला मजुरी नसते. उघडपणे 'माझ्या सहा तासांचे इतके' असं म्हटलं तर कुणी देणार नाही. 'नैसर्गिक' म्हटलं तर तेवढेच पैसे, कदाचित जास्तही, आनंदाने मिळतात. मला वाटतं 'केमिकल-फ्री'चं खोटं इथे उगवतं. स्वतःच्या नावाने न मिळणारी मजुरी दुसऱ्या नावाने वसूल करण्याची ती युक्ती आहे. 'घरगुती' हा शब्द घेणाऱ्यापासून कॉस्टिक लपवतो आणि करणारीपासून तिचे तास. पहिल्या लपवण्याबद्दल आपण तिला बोल लावतो. दुसऱ्यात मात्र गिऱ्हाईक म्हणून आपण सगळेच सामील असतो.

या गावात हे लिहिताना अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण टाळता येत नाही. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी अन्न सोडलं. १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागद्याला त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला. तिथे मैल्याचं खत झालं, मेलेल्या जनावरांची कातडी कमावली गेली. या वस्तू कशापासून होतात ते गोड शब्दांत गुंडाळणं त्यांना सुचलंही नसतं. उगम सांगायचा, काम सांगायचं, आणि त्या कामाला इतर कामांइतकाच मान मागायचा, असा त्यांचा रोख होता. ग्रामोद्योगाच्या चळवळीला धंदा म्हणून किती यश आलं यावर वाद घालता येईल. सरकारी अनुदानाच्या काठीशिवाय तिचं बरंचसं चाललं नाही, हे मला मान्य आहे. पण मजुरी योग्य असली पाहिजे आणि ती किमतीत दिसली पाहिजे, हा त्या मंडळींचा आग्रह आजच्या सुतळी बांधलेल्या वडीत कुठेच उरलेला नाही. तिने खादी भांडाराचं रूप तेवढं उचललं आहे.

वहिनींनी मध्यंतरी पन्नास वड्यांपुरती वेगळी पट्टी करून बघितली. खोबरेल, मुठेल, पाणी, कॉस्टिक सोडा, आणि कंसात 'साबण होताना संपतो'. खाली ओतल्याची तारीख आणि सहा आठवड्यांनंतरची. केमिकल-फ्री काढून टाकलं. जत्रेतल्या स्टॉलवर बऱ्याच जणांनी वाचून वडी परत ठेवली. काहींनी कॉस्टिक म्हणजे काय ते विचारलं, त्यात एका मेस्त्रीने आपण ड्रेनेज साफ करायला तेच वापरतो असं मोठ्याने सांगून दोन गिऱ्हाइकं पळवली. विचारणाऱ्यांपैकी थोड्यांनी घेतल्या. अठरा वड्या उरल्या. पुढच्या घाण्याच्या पट्टीवर 'कामाचे तास : सहा' अशी ओळ घालायची का, यावर त्यांच्या घरात अजून एकमत नाही. नवऱ्याचं म्हणणं, लोक हसतील. वहिनींचं म्हणणं, सहा नव्हेत, कापायचे आणि गाठी मारायचे धरले तर आठ होतात.