सोळापैकी बारा

प्रश्न दीड लाख रुपयांचा होता. भाचा शास्त्रीय गातो. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत तो स्वतःची आणि मित्रांची रेकॉर्डिंगं करतो. तिथला साधा इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारा डबा, काढून त्याला एक नावाजलेला कन्व्हर्टर घ्यायचा आहे. आत्या आकाशवाणीतून निवृत्त झालेली. आधी फितीवर आणि मग संगणकावर आवाज उतरवण्यातच तिची नोकरीची वर्षं गेली. कन्व्हर्टरचं काम सांगायला सोपं आहे. माइकमधून येणारा विजेचा चढउतार सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून त्याचे आकडे करायचे आणि ऐकताना त्या आकड्यांची पुन्हा वीज करायची. महागडं यंत्र ही मोजणी जास्त अचूक करतं, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण त्याच्या पुढचं होतं, आणि ते पैशावरून ऐकण्यावर गेलं, म्हणून लिहून ठेवलं.

भाचा: माझं रेकॉर्डिंग सपाट येतं, आत्या. तानपुऱ्याची जवारी फुलतच नाही. परवा स्टुडिओत गायलो तेव्हा माइक हाच होता, पण आवाज कसा समोर उभा राहिला. म्हणजे फरक कन्व्हर्टरचा.

आत्या: माइक तोच. आणि खोली?

भाचा: खोली वेगळी होती, मान्य. पण यंत्रही वेगळं होतं.

आत्या: दोन गोष्टी बदलल्या आणि त्यातली जी दुकानात मिळते तिला तू श्रेय देऊन मोकळा झालास.

भाचा: खोली कुठून आणू? पुण्यात?

आत्या: ते नंतर बघू. आधी हिशेब करू. रात्री एक वाजता पंखा बंद करून बसलास तरी तुझ्या खोलीत ३० डेसिबलचा आवाज असणारच. माइकपासून फूटभर अंतरावर तू तार षड्ज लावलास की तो १०० पर्यंत जाईल. म्हणजे तुझ्या सगळ्यात मोठ्या सुरापासून खोलीच्या गुणगुणीपर्यंतचं अंतर झालं ७०. आजच्या साध्या इंटरफेसची मजल ११० च्या आसपास असते. त्याची स्वतःची खरखर खोलीच्या आवाजाच्याही ४० डेसिबल खाली, म्हणजे व्होल्टेजच्या भाषेत शंभरपट खाली आहे. नवा डबा १२० पर्यंत जाईल. मधल्या ज्या दहासाठी तू दीड लाख देणार आहेस, तिथे तुझ्या गाण्यातलं काय आहे?

भाचा: खरखर हा एकच निकष असतो का? क्लॉक असतं, त्याची थरथर म्हणजे जिटर असतो, फिल्टर असतात. ज्यांचे कान तयार आहेत ते म्हणतात, चांगल्या कन्व्हर्टरने आवाजाला खोली येते, सूर सुटे ऐकू येतात. सगळे खोटं बोलतात?

आत्या: खोटं कोणीच बोलत नाही. पुष्कळजण जुनं खरं बोलतायत. पहिल्या डिजिटल यंत्रांमध्ये २० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं एका झटक्यात कापायला फार तीव्र अॅनालॉग फिल्टर लावावे लागत. त्यांनी वरच्या पट्टीतल्या स्वरांशांची वेळ पुढेमागे व्हायची आणि कानाला ती बोचायची. अपोजी ही कंपनी १९८५ मध्ये निघाली तीच असल्या यंत्रांत बसवायचे सुधारलेले फिल्टर विकत. तेव्हा कन्व्हर्टर बदलला की फरक खरंच कळायचा. पुढे मोजणी कितीतरी पट वेगाने करून हे कापण्याचं काम आकड्यांतच उरकायची पद्धत आली आणि ती अडचण गेली. आता ते फिल्टर तुझ्या स्वस्त इंटरफेसमधल्या चिपमध्येच आहेत. कारण संपलं, सल्ला राहिला.

भाचा: पण चिपचिपमध्येही फरक असतो. एकीचा आवाज मऊ, दुसरीचा धारदार.

आत्या: ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली. जगातल्या किती इंटरफेसमध्ये त्यांच्या चिप होत्या! त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा आरएमईसारख्या नाव असलेल्या कंपनीलाही एडीआय-२ या कन्व्हर्टरमध्ये ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप घालून मांडणी नव्याने करावी लागली. मोजमापं जवळजवळ होती तिथेच राहिली. चिपच्या भोवतीचं काम नीट केलं की चिपला स्वतःचा गळा उरत नाही.

(इथे एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. या क्षेत्रातली माणसं एकाच दमात दोन मागण्या करतात: यंत्र पारदर्शक हवं आणि त्याचा आवाज ऊबदार हवा. बर्लसारख्या काही कंपन्या मुद्दाम ट्रान्सफॉर्मर घालून रंग देतात, तसं सांगतात, आणि तो रंग मोजताही येतो. तो आवडीचा प्रश्न झाला, त्यात गैर काही नाही. पण पारदर्शक यंत्रालाही स्वतःचा स्वभाव असतो म्हणणं मला पटत नाही.)

भाचा: बरं, एका ट्रॅकला कळत नसेल. चाळीस-पन्नास ट्रॅक एकावर एक चढले की बारीकसारीक दोष साचत जातात, त्याचं काय?

आत्या: साचतात ना. सारख्या पातळीची खरखर असलेले ६४ ट्रॅक एकत्र केलेस तर ती १८ डेसिबलने वाढते. पण त्या प्रत्येक ट्रॅकमध्ये तुझ्या खोलीचा आवाजही आहे, तोही १८ नेच वाढतो. दोघांतलं अंतर जिथल्या तिथे. आणि तू मुळात किती ट्रॅक करतोस? गाणं, तबला, पेटी, तानपुरा.

भाचा गप्प बसला, पण पटल्यामुळे नव्हे. त्याचा मुद्दा आकड्यांच्या पलीकडचा होता आणि तो आता कुठे बाहेर आला.

भाचा: तू जे मोजता येतं तेवढंच खरं धरतेस. मोजपट्टी माणसाने बनवली, कान त्याच्या आधीचा. शुद्ध गंधार आणि जरासा चढा गंधार यातला फरक कुठल्याही यंत्राच्या आधी आपल्या लोकांना कळत होता. कानाला जे कळतं ते यंत्राला कळत नसेल, असं का नाही?

आत्या: असेलही. म्हणूनच मी यंत्राला विचारू नकोस म्हणते, कानाला विचार. फक्त डोळे झाकून विचार. गंधार चढा लागला हे तुला ग्रीनरूममध्ये बसूनही कळतं, गायक दिसावा लागत नाही. कन्व्हर्टरचा फरक मात्र डबा दिसल्याशिवाय कळत नसेल, तर तो कानाने सांगितलेला नव्हे.

भाचा: झालेत का असे प्रयोग?

आत्या: झालेत, आणि दोन्ही बाजूंचे ऐक. २००७ मध्ये मायर आणि मोरन या दोघांनी उच्च दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत सीडीच्या दर्जाची मोजणी करणारी एक फेरी घातली आणि ती कधी आहे, कधी नाही, हे ऐकणाऱ्यांना विचारलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. त्या प्रयोगात वापरलेल्या काही तबकड्या मुळातच तेवढ्या वरच्या दर्जाच्या नव्हत्या, असा आक्षेप निघाला, आणि तो रास्त आहे. मग २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइसने अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. बरोबर उत्तरं निघाली ५२.३ टक्के. फरक अगदी थोडा, पण योगायोग म्हणून झटकता येणार नाही असा. कान तयार केलेल्या लोकांचा आकडा आणखी वर गेला.

भाचा: बघ! म्हणजे फरक आहे.

आत्या: आहे. नुसत्या अंदाजापेक्षा शंभरात दोन-तीन उत्तरं जास्त बरोबर. आणि तो प्रश्नही कन्व्हर्टर महाग की स्वस्त हा नव्हता, मोजणी किती बारीक हा होता. फरक असणं वेगळं आणि तो दीड लाखाचा असणं वेगळं.

भाचा: आता खरं सांगतो. समज, फरक ऐकू येत नाही. पण माझ्यासमोर ते यंत्र आहे, मला त्याचा भरवसा आहे, त्या भरवशावर मी मोकळा गातो. गाणं खरंच चांगलं झालं. मग रेकॉर्डिंग सुधारलं की नाही?

या प्रश्नाला आत्याने लगेच उत्तर दिलं नाही. मलाही हा प्रश्न सगळ्यात कठीण वाटतो, कारण यात कुठेही लबाडी नाही. गाणाऱ्याचं मन हा रेकॉर्डिंगच्या साखळीतला खरा दुवा आहे, आणि तो बाकी सगळ्यांच्या आधी येतो.

आत्या: सुधारलं. मी नाही म्हणणार नाही. पण मग तू भरवसा विकत घेतोयस हे स्वतःला सांगून घे. आणि सांगितलंस की तो टिकतो का बघ. यंत्राने काही होत नाही, आपल्या वाटण्याने होतं, हे कळल्यावर यंत्राची गरज उरत नाही. आणि कळू दिलं नाहीस तर दोन वर्षांनी त्याच्यापेक्षा महाग डबा निघेल आणि तुझा गळा पुन्हा अडेल.

भाचा: हे फार निष्ठुर झालं.

आत्या: निष्ठुर नाही. तुला भरवसा हवा असेल तर त्यासाठी स्वस्त आणि पक्की जागा दुसरी आहे. तुझी खोली दहा बाय दहा. तीन मीटरच्या दोन समोरासमोरच्या भिंती ५६ हर्ट्झला घुमतात, आणि लांबी-रुंदी सारखी म्हणून दोन्हीकडून तोच स्वर घुमतो. छतही साधारण तेवढंच, म्हणजे तिसऱ्या बाजूनेही जवळजवळ तोच. पुढचा उठाव ८० च्या जवळ. तुझी पट्टी काळी एक, खर्जाची तार ६९ हर्ट्झला. म्हणजे तुझा खर्ज बरोब्बर दोन उठावांच्या मधल्या खळग्यात पडतो. तुला तो कमी ऐकू येतो, तू मिक्समध्ये वाढवतोस आणि तेच रेकॉर्डिंग गाडीत लावलं की घुमघुम करतं. करतं की नाही?

भाचा: करतं.

आत्या: आणि तुझी जवारी फुलत नाही कारण तुळतुळीत भिंतींवरून आपटलेला आवाज मिलिसेकंदांच्या उशिराने त्याच माइकमध्ये शिरतो आणि वरचे स्वरांश कुठे खातो, कुठे फुगवतो. हे आकडे करण्याच्या आधीच घडलंय. जगातला सगळ्यात अचूक कन्व्हर्टर आणलास तर तो ही खराबी अचूक लिहून ठेवेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

भाचा: तरी एक मुद्दा राहतो, आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नाही. आमच्या गुरुजींना ८१ वर्षं झाली. त्यांच्याकडच्या काही बंदिशी दुसऱ्या कोणाकडे नाहीत. त्या मी एकदाच उतरवणार. ऐकण्याचं यंत्र उद्या बदलता येईल, पण आवाजाचे आकडे एकदाच होतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्या घे. लोक म्हणतात, बघा, इतक्या खरखरीतूनही सूर पोहोचतो, मग यंत्राचं काय एवढं! मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. खाँसाहेब मिरजेचे, तानपुऱ्याच्या गावात राहणारे, आणि त्या तबकड्यांवर तानपुऱ्याची जवारी जवळजवळ ऐकूच येत नाही. गेलं ते गेलंच. ती चूक मी पुन्हा करू?

आत्या: हा मुद्दा मोठा आहे, आणि आळशी युक्तिवादाबद्दल तू बोललास ते शंभर टक्के खरं. त्या तबकड्यांवर वरचे स्वरांश उमटतच नव्हते, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. तिथे अडथळा यंत्राचाच होता, आणि तेव्हा कोणी चांगलं यंत्र आणून दिलं असतं तर मी घर गहाण टाकून घ्यायला सांगितलं असतं. पण तुझा आजचा अडथळा तिथे नाही. गुरुजींच्या रेकॉर्डिंगमध्ये काय बिघडू शकतं त्याचा विचार कर. पातळी जास्त ठेवलीस आणि एखादी तान फाटली. लॅपटॉप मधेच अडकला. शेजारी कुकरची शिट्टी झाली. गुरुजी गाता गाता माइकपासून बाजूला वळले. २४ बिटमध्ये घे, सगळ्यात मोठा स्वर शून्याच्या, म्हणजे यंत्राच्या कमाल पातळीच्या, १२ डेसिबल खाली राहील असा गेन लाव, आणि त्याच वेळी एका वेगळ्या रेकॉर्डरवर दुसरी प्रत चालू ठेव. इंटरफेसला चार इनपुट हवेत आणि आताच्याला दोनच आहेत, असं म्हणालास तर नवा इंटरफेस घे, मी अडवणार नाही. ड्रायव्हर सारखा बंद पडतो म्हणालास तरी घे. ही कारणं खरी आहेत.

भाचा: आणि आवाजाच्या दर्जासाठी?

आत्या: त्यासाठी परीक्षा दे. तुझ्या मित्राकडे तो डबा आहे, दोन दिवस माग. गाणं घरात नको, स्टुडिओतलं चांगलं घे, म्हणजे खोलीचं निमित्त उरणार नाही. ते एकदा तुझ्या इंटरफेसमधून बाहेर काढून परत आत घे, एकदा त्याच्या डब्यातून. दोन्ही फाइलींची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळव. हे टाळू नकोस. पाव डेसिबल मोठं असलेलं मोठं म्हणून नाही, चांगलं म्हणून ऐकू येतं, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. मग फूबार या प्लेअरमध्ये दोन्ही टाक आणि एबीएक्स चाचणी लाव. प्लेअर न सांगता एक वाजवेल, तू ओळखायचं. सोळा वेळा. अंदाजाने बारा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी.

भाचा: आणि बारा आले तर?

आत्या: तर तुझा कान माझ्यापेक्षा चांगला. अर्धे पैसे मी देते.

मला विचाराल तर निकाल आत्याच्या बाजूचा आहे, आणि तो देण्यासाठी परीक्षेपर्यंत थांबायचीही गरज नाही. घरच्या खोलीत, आजच्या बेताच्या किमतीच्या इंटरफेसवर काम करणाऱ्याने निव्वळ आवाजासाठी कन्व्हर्टर बदलू नये. ते पैसे खोलीवर, माइकवर आणि दुसऱ्या प्रतीच्या रेकॉर्डरवर घालावेत. भाच्याने मित्राकडून तो डबा अजून आणलेला नाही. सुताराला मात्र भिंतींवर लावायच्या, आवाज शोषणाऱ्या रॉकवूलच्या आठ चौकटींचं माप देऊन झालंय: चार फूट बाय दोन फूट, चार इंच जाड.