जेवायला कोणासाठी थांबावे?



काही महिन्यांपूर्वी एका रविवारी प्रवचनात मी सांगितले होते की, कुटुंबाने रात्रीचे जेवण एकत्र घ्यावे, एकमेकांसाठी थांबावे. आधार संत पौलाचा होता. भोजनासाठी एकत्र जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा, असे तो करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना लिहितो (१ करिंथ ११:३३). प्रवचन बऱ्याच जणांना आवडले.

त्यानंतर पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी गेलो असता एका घरी आजी अंथरुणावर होत्या. त्यांना मधुमेह आहे, दोन वेळा इन्शुलिन घ्यावे लागते. आदल्या आठवड्यात त्यांनी आठ वाजता इंजेक्शन घेतले आणि मुलासाठी थांबल्या. त्या दिवशी विरार लोकल रखडल्या होत्या. साडेदहाला मुलगा दारात आला तेव्हा आजी स्वयंपाकघरात घामाघूम होऊन पडल्या होत्या. सुनेने साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. "फादर, तुम्हीच सांगितलंत ना थांबायला?" आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला जास्त लागले.

जेवणाची वेळ हा डॉक्टरांचा विषय, त्यात धर्मगुरूने पडू नये, असे कोणी म्हणेल. पण ख्रिस्तसभा यात फार पूर्वीच पडली आहे. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप झालेल्या संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ते पुन्हा मांडले. आपल्याला वाटते, जास्त खाणे म्हणजे खादाडपणा. तो पाचातला फक्त एक प्रकार. वेळेआधी खाणे हा दुसरा, अधाशीपणे खाणे हा तिसरा. उरलेले दोन खर्चिक आणि चोखंदळ खाण्याचे. एसावाने ज्येष्ठत्वाचा हक्क विकला तो पक्वान्नासाठी नव्हे, साध्या मसुराच्या कालवणासाठी. दोष मसुरात नव्हता, खाण्याच्या घाईत होता.

डॉक्टर आज जवळजवळ हेच सांगतात. पोट भरल्याची खबर मेंदूला पोहोचायला सुमारे २० मिनिटे लागतात. मोबाईलकडे पाहत सात मिनिटांत ताट रिकामे करणाऱ्याला ती खबर मिळते तेव्हा तो दुसऱ्यांदा भात वाढून घेऊन मोकळा झालेला असतो. नेहमीच्या वेळेला भूक लागते, कारण शरीर त्या वेळेची तयारी करून ठेवते. रात्री उशिरा इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून तोच भात सातला खाल्ला तर रक्तातली साखर जितकी चढते, त्यापेक्षा साडेदहाला अधिक चढते. वाडीतून परतून, जपमाळ म्हणून, लवकर जेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना त्याची गरजही नव्हती.

पण ज्याची वेळच त्याच्या हातात नाही, त्याने काय करावे? करिंथमध्ये नेमका हाच प्रश्न होता. सुखवस्तू मंडळी लवकर येऊन जेवून घेत. कष्टकरी आणि दास काम उरकून उशिरा येत, तेव्हा त्यांच्या वाट्याला उपास येई. पौल रागावला तो यावर. थांबण्याची आज्ञा आहे ती उशिरा येणाऱ्या दुर्बलाच्या बाजूने. आजीच्या घरी दुर्बल कोण होते? मुलगा थकलेला होता हे खरे, पण दुर्बल आजी होत्या. वचन मी बरोबर सांगितले, पण उलट्या जागी वापरले.

आणि मी ३३व्या वचनावरच थांबलो होतो. पुढच्याच वचनात पौल म्हणतो की, ज्याला भूक आहे त्याने आधी घरी खावे. हे तो धनिकांना सुनावतो हे मला ठाऊक आहे. तरी त्यातून भूक भागवणे आणि सहवास या दोन गोष्टी वेगळ्या होतात. संत बेनेडिक्ट यांनी मठातील जेवणाच्या वेळा काटेकोर ठरवल्या, उशिरा येणाऱ्याला शिक्षाही सांगितली, पण वृद्धांना आणि मुलांना ठरलेल्या वेळेआधी जेवण्याची मोकळीक दिली.

आपल्या घरांत थांबते कोण? बहुधा बाईच. ती शेवटी जेवते, उरलेले जेवते, आणि आपण त्याला प्रेम म्हणतो. मीही म्हणत आलो. पण स्वतःच्या शरीरावर प्रेम करणे हाही ख्रिस्ती प्रेमाचाच भाग आहे, असे अक्वायनस स्पष्ट सांगतात. शरीर देवाची देणगी असेल, तर ते झिजवायचा हक्क तिला नाही, आणि तशी अपेक्षा करण्याचा हक्क आपल्यालाही नाही.

त्या घरी आता आजी आठला नातवाबरोबर जेवतात. टीव्ही बंद असतो. (नातू लगेच तयार झाला, मालिका सोडायला आजीच तयार नव्हत्या.) मुलगा डब्यातल्या दोन चपात्या राखून संध्याकाळी ऑफिस सोडताना खातो आणि घरी आल्यावर हलके जेवतो. आजी कोमट पाण्याचा पेला घेऊन त्याच्याजवळ बसतात.

सून केव्हा आणि कोणाबरोबर जेवते, हे विचारायचे मात्र माझ्याकडून राहून गेले. येत्या पहिल्या शुक्रवारी विचारीन.

ख्रिस्ताठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू