रंगाचा टोमणा आणि क्षमेचा मार्ग

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने समस्त मानवजातीला एकाच स्त्री-पुरुषापासून निर्माण केले. दुरूद व सलाम असोत त्याच्या अंतिम प्रेषितांवर, हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी १० हिजरीत हज्जच्या निरोपाच्या प्रवचनात गोऱ्याचे काळ्यावरील आणि काळ्याचे गोऱ्यावरील श्रेष्ठत्व कायमचे संपविल्याची घोषणा केली.

हजरत बिलाल (रजि.) यांची हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इस्लाममध्ये वर्णभेदाला थारा नाही, हे आपण इतरांना अभिमानाने सांगतो. परंतु मुलासाठी स्थळ पाहायला निघालो की आपला पहिला प्रश्न असतो, 'मुलगी रंगाने कशी आहे?' आणि दुसरा असतो, 'बिरादरी कोणती?' मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लावून जो भेद आपण मिटवितो, तोच घराच्या उंबरठ्याच्या आत सुखाने नांदत असतो. त्याची झळ सर्वाधिक सोसावी लागते ती घरातील स्त्रियांना. आणि दुर्दैवाने ती अनेकदा स्त्रियांच्याच मुखातून निघते.

दुसऱ्यांच्या घराविषयी बोलण्यापूर्वी मी स्वतःच्या घरातील प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी माझ्या मुलीचा अकीका होता. बाळाचे जावळ काढून झाले होते. केसांच्या वजनाइतकी चांदी सदक्यासाठी बाजूला ठेवली होती. जमलेल्या बायका बाळाला आळीपाळीने मांडीवर घेत होत्या. इतक्यात माझ्या दादी सर्वांसमक्ष म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असा रंग कुणाचा नाही. ही पोर कुणावर गेली, कोण जाणे!" दोघी-तिघी हसल्या. माझ्या पत्नीने बाळाच्या अंगावरचे दुपटे सारखे केले आणि मान खाली घातली. माझी आई चहा पाहण्याच्या निमित्ताने उठून आत गेली. ती दुसऱ्या बिरादरीतून या घरात आलेली. असे किती टोमणे तिने स्वयंपाकघरात जाऊन गिळले असतील, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत कधी केलाच नव्हता. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. दादी वृद्ध आहेत, पाहुण्यांसमोर वाद नको, अशी मी मनाची समजूत घातली.

दोन दिवसांनी जुमा होता. त्या दिवशीच्या बयानात मी मानवी समतेवर बोललो. लोकांनी ऐकले, काहींनी स्तुतीही केली. रात्री पत्नी इतकेच म्हणाली, "बिलाल रजियल्लाहु अन्हूंची गोष्ट तुम्ही मशिदीत सांगता. घरात कधी सांगणार?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वाचकहो, कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील ११ वी आयत पाहा. एका समूहाने दुसऱ्या समूहाची टर उडवू नये, असा आदेश दिल्यानंतर अल्लाहने स्त्रियांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला. त्यांनीही दुसऱ्या स्त्रियांची टर उडवू नये. कदाचित त्या अल्लाहपाशी अधिक चांगल्या असतील. याच आयतीत टोमणे मारण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे. सूरह अर्-रूमच्या २२ व्या आयतीत तर माणसांच्या भाषा व रंग यांतील विविधतेची गणना अल्लाहच्या निशाण्यांमध्ये केली आहे. याचा अर्थ असा की, जी नवजात बालिकेच्या रंगाला नाव ठेवते, ती प्रत्यक्षात तो रंग देणाऱ्या निर्मात्याच्या निवडीलाच नाव ठेवत असते.

बाळाच्या रंगावरून आईला बोल लावण्याची रीत आजची नाही. हजरत उम्मे ऐमन (रजि.) यांचे उदाहरण घ्या. त्यांचे नाव बरकह. त्या हबशी वंशाच्या होत्या आणि प्रेषितांच्या पित्याच्या घरी दासी होत्या. अबवा येथे बीबी आमिना यांचे निधन झाले, तेव्हा सहा वर्षांच्या पोरक्या मुहम्मद (स.) यांना मक्केपर्यंत सुखरूप घेऊन आल्या त्या याच. माझ्या आईनंतरची आई, असा त्यांचा उल्लेख प्रेषित करीत. पुढे त्यांचा विवाह हजरत जैद (रजि.) यांच्याशी झाला आणि त्यांना उसामा (रजि.) हे पुत्र झाले. पिता वर्णाने उजळ होते, पुत्र काळेसावळे. लोकांच्या जिभा चालू लागल्या. मुलाच्या वंशाविषयी शंका घेणे म्हणजे आईच्या चारित्र्यावर चिखल उडविणे होय, हे सांगावयास नको.

एके दिवशी पिता-पुत्र डोक्यावरून चादर ओढून झोपले होते. फक्त पाय उघडे होते. अंगलक्षणांवरून वंश ओळखणाऱ्या एका जाणकाराने ते पाय पाहिले आणि हे पाय एकमेकांपासूनच आहेत, असे सांगितले. हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार ही वार्ता घेऊन प्रेषित घरात आले, तेव्हा त्यांचा चेहरा आनंदाने उजळून निघाला होता. विचार करा, हा आनंद कशाचा होता? एका काळ्या आईच्या आणि तिच्या मुलाच्या अब्रूवरील धूळ झटकली गेली होती. याच उसामांना प्रेषितांनी तरुण वयात अशा सैन्याचे सेनापती नेमले, ज्यात ज्येष्ठ सहाबा होते.

बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत आणखी एक प्रसंग आहे. एका ग्रामीण अरबाने येऊन, पत्नीला काळा मुलगा झाला, अशी तक्रार केली. प्रेषितांनी त्याला विचारले, तुझ्याकडे उंट आहेत ना? त्यांचा रंग कोणता? तो म्हणाला, तांबडा. त्यात एखादा राखाडीही आहे का? तो म्हणाला, आहे. मग तो कुठून आला? कदाचित पूर्वजांतील एखाद्या रक्ताने ओढ घेतली असेल, असे तो माणूस उत्तरला. प्रेषितांनी सांगितले, मग तुझ्या मुलाच्या बाबतीतही तसेच झाले असेल. त्यांनी त्या अनुपस्थित पत्नीची बाजू त्याच्याच गोठ्यातील उंटांच्या साक्षीने मांडली. मला मात्र समोर बसलेल्या पत्नीची बाजू मांडता आली नव्हती.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी दादींजवळ बसलो आणि उम्मे ऐमन (रजि.) यांची संपूर्ण हकिकत त्यांना सांगितली. अकीक्याचा विषय काढला नाही. दादी बराच वेळ तसबीह हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले, तेव्हा माझी सासू मला कल्लो म्हणायची. कित्येक वर्षं मला माझ्या नावाने कुणी हाक मारली नाही." मला हे ठाऊक नव्हते. जी जखम त्यांनी तरुणपणी सोसली, तीच म्हातारपणी त्यांच्या हातून नातसुनेला झाली होती. माझी आई त्या दोघींच्या मधोमध आयुष्यभर गप्प उभी राहिली होती. टोमणा अशाच प्रकारे पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चालतो. वारसाहक्काच्या वाटणीत आपण मुलींना त्यांचा हिस्सा द्यायला विसरतो; हा वारसा मात्र त्यांना न चुकता पोहोचवितो.

दुसऱ्या दिवशी दादींनी माझ्या पत्नीला बोलावले आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, बेटा. मला माफ कर." पत्नी काहीच बोलली नाही. घरातील एक जण लगेच म्हणाले, एवढ्या मोठ्या माणसाने माफी मागितली, आता विसरून जा. तेच शब्द माझ्याही ओठांवर आले होते. अल्लाहने मला ते उच्चारण्यापासून वाचविले.

कारण तेव्हा मला हजरत आयशा (रजि.) आठवल्या. त्यांच्यावर खोटे आरोप झाले, तेव्हा त्या आजारी होत्या. ती बातमी प्रथम त्यांना कळली ती एका वयस्कर नातलग स्त्रीकडून, उम्मे मिस्तह यांच्याकडून. आरोप पसरविणाऱ्यांत स्वतःचा मुलगा असूनही या मातेने त्याची बाजू घेतली नाही. जवळजवळ एक महिन्यानंतर कुरआनने आयशा (रजि.) यांचे निर्दोषत्व जाहीर केले. आईने त्यांना उठून प्रेषितांकडे जाण्यास सांगितले. तेव्हा आपण अल्लाहशिवाय कोणाचेही आभार मानणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दुखावलेल्या मनाच्या त्या उद्गाराबद्दल प्रेषितांनी त्यांना दटावले नाही.

मिस्तह हे आयशा (रजि.) यांचे पिता हजरत अबू बक्र (रजि.) यांचे गरीब नातलग. त्यांना यापुढे मदत करणार नाही, अशी शपथ अबू बक्र (रजि.) यांनी घेतली. त्यावर सूरह अन्-नूरची २२ वी आयत अवतरली. तिच्यात क्षमा करण्याचे आवाहन आहे आणि अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही काय, हा प्रश्नही आहे. अबू बक्र (रजि.) यांनी मदत पुन्हा सुरू केली. या घटनाक्रमाकडे लक्ष द्या. आधी सत्य उघडपणे मांडले गेले, पीडितेची अब्रू तिला परत मिळाली आणि त्यानंतर क्षमेचे आवाहन झाले. आपल्या घरांत हा क्रम उलटा असतो. दुखावलेल्या सुनेला आधी क्षमा करण्यास सांगितले जाते, आणि सत्य कधी उच्चारलेच जात नाही.

वाचकहो, क्षमा करणे फार मोठे पुण्य आहे. मात्र ती मागणे हे दुखावणाऱ्याचे कर्तव्य आहे. बुखारीतील हदीसनुसार, ज्याने आपल्या भावाच्या अब्रूवर अन्याय केला असेल त्याने आजच त्याच्याकडून माफी मिळवावी. दीनार-दिरहम उपयोगी पडणार नाहीत असा दिवस येण्यापूर्वी. त्या दिवशी फेड सत्कर्मांतून करावी लागेल. रात्रीच्या तहज्जुदची कमाई दिवसाच्या एका टोमण्यात खर्ची पडू देऊ नका.

म्हणून चार गोष्टी आजपासून करा. स्थळ पाहताना रंगाची अट घालू नका आणि इतरांनी घातली तर मान डोलावू नका. घरात कोणाला रंगावरून वा बिरादरीवरून नाव पडले असेल, तर त्या व्यक्तीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा. टोमणा चारचौघांत मारला असेल, तर माफीही चारचौघांत मागा. आणि पुरुषहो, आई व पत्नी यांच्यामधील आपले मौन म्हणजे संयम आहे, या भ्रमात राहू नका. मीही पत्नीची माफी मागितली. माझा अपराध दादींच्या अपराधाहून लहान नव्हता.

त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी, एका दुपारी पत्नीने बाळाला तेल लावण्यासाठी दादींच्या मांडीवर दिले. म्हणाली, "मी माफ केलं, दादी. पण माझ्या मुलीला पुन्हा कुणी असं बोललं, तर मी ऐकून घेणार नाही." दादी बाळाच्या पायांना तेल चोळत म्हणाल्या, "मीही नाही."

हे अल्लाह! आमच्या जिभांना आमच्या नमाजांशी प्रामाणिक ठेव. आमच्या आजी, माता, पत्नी आणि मुली यांच्या मनांवरील जुन्या जखमा भरून काढ. ज्यांना आम्ही दुखावले, त्यांची माफी मागण्याचे धैर्य आम्हाला मृत्यूपूर्वी दे. आमीन.