लागलं तर?

व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना पायऱ्या आहेत. घरी नकाशा पाहताना हे वाचायला रम्य वाटतं. पण बरोबर सत्तरी ओलांडलेली आई आणि तिने भरलेल्या दोन मोठ्या बॅगा असल्या की दर पुलापाशी थांबून ठरवावं लागतं, आधी बॅगा वर न्यायच्या की आधी आईला. चाकांचा भरवसा सपाट जमिनीपुरताच. रोममध्ये काळ्या दगडाचे छोटे चौकोन बसवलेले रस्ते आहेत, तिथे त्यांना 'सांपिएत्रीनी' म्हणतात. त्यांवर चाकं नुसती खडखडतात. जुन्या इमारतींत जिन्याच्या पोकळीत मागाहून बसवलेल्या लिफ्टमध्ये एक तर आई मावते, नाहीतर बॅग. स्टेशनावर फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या थोडंच आधी फलकावर येतो आणि सगळी गर्दी एकदम पळत सुटते. आई पळत नाही.

व्हेनिसला स्वतःलाही पायऱ्यांचं हे प्रकरण फारसं जमलेलं नाही. 2008 साली स्टेशनाकडून बसतळाकडे जाणारा स्थापत्यकार सांतियागो कालात्रावाचा नवा पूल खुला झाला. देखणा आहे, पण चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने तो कसा ओलांडायचा याची सोय मूळ आराखड्यात नव्हती. पायऱ्यांत काच बसवलेली. तिच्यावरून माणसं घसरू लागली, तेव्हा काचेच्या जागी दगड बसवायचं ठरवावं लागलं. हे ऐकून आई एवढंच म्हणाली, "ह्यांच्या घरी म्हातारं माणूस नव्हतं का गं कोणी?" स्थापत्याची समीक्षा म्हणून मला ती पुरेशी वाटली.

तर त्या बॅगांत होतं काय? भाजणी, मेतकूट, चिवडा, औषधांचा डबा, दोन शाली, सुतळीचं बंडल आणि एक छोटा विजेचा कुकर. साजूक तूपही होतं. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, म्हणून ते निघायच्या आदल्या रात्री काढलं, आणि त्यावरून अबोलाही झाला. कशालाही हात लावला की एकच प्रश्न, "अगं, लागलं तर?"

हलकं सामान घेऊन फिरणाऱ्यांचं आपल्याला फार कौतुक. जर्मन कवी गटे 3 सप्टेंबर 1786 रोजी पहाटे तीनला कार्ल्सबादहून कोणाला न सांगता इटलीला निघाला, तेव्हा त्याच्याजवळ एक कपड्यांची पिशवी आणि बिज्जूच्या कातड्याची एक झोळी एवढंच होतं. पण तो सदतिशीचा होता, एकटा होता, आणि वायमारच्या दरबाराचा पगार मागे चालू होता. शिवाय इटली त्याच्या घरात आधीच येऊन बसली होती. त्याचे वडील 1740 साली तिथे जाऊन आले होते, आणि फ्रँकफुर्टच्या घरात त्यांनी लावलेली रोमची चित्रं बघतच तो वाढला. मुलगा निघाला तेव्हा वडील जाऊन चार वर्षं झाली होती. त्यामुळे बॅगेवरून भांडण झालं नाही.

हलकं सामान ही चैन आहे. वाटेत काही लागलं तर मिळेल आणि ते घ्यायला खिशात पैसे असतील, असा भरवसा असणाऱ्याला ती परवडते. आईच्या पिढीने वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन प्रवास केले. स्टेशनावर विकत घेऊन खाणं ही उधळपट्टी होती. इथे तर पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा तिला माझ्याकडे युरो मागावे लागणार, आणि मनात त्याचे रुपये होणार. मुलीकडे काही मागावं लागू नये, म्हणून ती बॅग भरलेली होती. ती उचलून मुलीची कंबर धरली, हा भाग वेगळा.

रोममध्ये रस्तोरस्ती नळ आहेत, लोखंडी, वाकड्या नाकाचे. त्यांना 'नासोनी' म्हणतात. 1874 पासून ते शहरात आहेत. गार, पिण्याचं पाणी, फुकट. आईने पहिल्या नळाशी बाटली भरली, चव घेतली, आणि त्या संध्याकाळी बॅगेतल्या पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या आपणहून बाहेर काढल्या. दिवसभर मी जे सांगत होते त्याने एक ग्रॅमही कमी झाला नव्हता.

तुम्ही आईवडिलांना घेऊन जाणार असाल, तर खोली स्टेशनाजवळची घ्या, आणि लिफ्टमध्ये काय काय मावतं ते आधी विचारून ठेवा. व्हेनिससाठी मुक्काम मेस्त्रेला करा. तिथून आगगाडीने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसला पोचता येतं, मग पूल मोकळ्या हातांनी चढा. फलाटाचा नंबर लागला की पळू नका, गाडी चुकली तर पुढची असते. आणि मेतकुटाचा डबा त्यांच्या बॅगेतच राहू द्या.