भीती जाते म्हणजे कुठे जाते?

इव्हान पावलॉव्हच्या कुत्र्याची गोष्ट बहुतेकांना निम्मीच माहीत असते. मेट्रोनोमची टिकटिक ऐकवायची, लगेच अन्न द्यायचं, असं काही वेळा केलं की पुढे नुसत्या टिकटिकीनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. अन्न तोंडात पडलं की लाळ सुटते ती उपजत, म्हणून अन्न हा अनभिसंधित उद्दीपक. टिकटिकीचं महत्त्व मात्र शिकावं लागतं, म्हणून ती अभिसंधित उद्दीपक. अशा शिकण्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत अभिजात अभिसंधान म्हणतात, आणि धडा बहुधा इथेच संपतो. पावलॉव्हला मात्र पुढच्या प्रश्नाने फार काळ गुंतवून ठेवलं. टिकटिक वाजत राहिली आणि अन्न येईनासं झालं, तर कुत्रा काय करतो?

हे मोजण्याची सोय त्याच्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत होती. छोटी शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी गालाबाहेर काढलेली असे, त्यामुळे लाळ थेंबाथेंबाने मोजता येई. टिकटिक सुरू करायची, अन्न द्यायचं नाही, काही मिनिटं थांबायचं, पुन्हा टिकटिक. दर खेपेला थेंब कमी होत जातात आणि पहिला थेंब पडायला जास्त वेळ लागतो. शेवटी एकही थेंब पडत नाही. या घटनेला विलोपन म्हणतात.

पाहणाऱ्याला वाटेल की कुत्रा शिकला होता ते विसरला आणि पाटी कोरी झाली. पाटी कोरी होत नाही, आणि मला अभिसंधानाच्या सगळ्या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. भीतीशी, व्यसनाशी, जुन्या दुःखद आठवणीशी झगडणाऱ्या माणसाला ती ठाऊक असणं फार गरजेचं आहे. म्हणून ती जरा सावकाश पाहू.

पहिला पुरावा अगदी साधा आहे. लाळ शून्यावर आल्यावर कुत्र्याला एक-दोन तास तसंच राहू दिलं. त्या वेळात काहीही शिकवलं नाही, अन्नाशी जोड पुन्हा घातली नाही. नंतर टिकटिक ऐकवली तर थोडी का होईना, लाळ आली. याला उत्स्फूर्त पुनर्प्राप्ती म्हणतात. पुसून गेलेली गोष्ट नुसत्या वाट पाहण्याने परत कशी येईल?

दुसरा पुरावा मला त्याहून बोलका वाटतो. विलोपन चालू असताना, लाळ जवळजवळ थांबलेली असताना, अचानक एखादा वेगळा आवाज झाला किंवा कोणी अनोळखी माणूस खोलीत शिरला, तर पुढच्या टिकटिकीला लाळ पुन्हा वाहू लागते. त्या पाहुण्याचा अन्नाशी काहीही संबंध नसतो. त्याने कुत्र्याला नवं काही शिकवलं नाही, फक्त चाललेल्या कामात व्यत्यय आणला. पावलॉव्हने यातून जो निष्कर्ष काढला तो पुढे टिकला. विलोपनात जुनी जोड शाबूत असते, तिच्यावर अवरोध बसतो. इंजिन चालू आहे आणि ब्रेकवर पाय आहे, असं समजा. लक्ष विचलित झालं की पाय उचलला जातो. अशा व्यत्ययांचा इतका त्रास होई की बाहेरचे आवाज आणि हादरे अडवणारी खास इमारत पुढे या प्रयोगांसाठी बांधली गेली.

तिसरा पुरावा म्हणजे विलोपनानंतर टिकटिक आणि अन्न यांची जोड पुन्हा घातली, तर कुत्रा पहिल्यापेक्षा लवकर शिकतो.

हा अवरोध म्हणजे नक्की काय, हे कळायला बराच काळ जावा लागला. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून मार्क बाउटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर जे प्रयोग केले, त्यांनी चित्र पुष्कळ स्पष्ट झालं. एका पेटीत उंदराला आवाज ऐकवून सौम्य विजेचा झटका द्यायचा. तो आवाजाला घाबरायला शिकतो. मग त्याला वेगळ्या पेटीत न्यायचं. तिचा वास वेगळा, भिंती वेगळ्या, जमीन वेगळी. तिथे आवाज ऐकवायचा, झटका द्यायचा नाही. भीती ओसरते. आता त्याला पहिल्या पेटीत परत नेऊन तोच आवाज ऐकवला की भीती पुन्हा उभी राहते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, उंदराला एका तिसऱ्याच, पूर्वी त्रास न झालेल्या पेटीत नेलं तरीही भीती काही प्रमाणात परतते.

म्हणजे दोन शिकवणी शेजारी शेजारी राहतात. ‘हा आवाज धोक्याचा’ ही पहिली आणि ‘हा आवाज आता धोक्याचा नाही’ ही दुसरी. पहिली उंदीर जिथे जाईल तिथे बरोबर जाते. दुसरी ज्या जागी शिकली त्या जागेला चिकटून राहते. निसर्गाने असा पक्षपात का ठेवला असावा, याचा अंदाज करता येतो. धोका नसताना घाबरलेला प्राणी एखादा घास गमावतो, धोका असताना न घाबरलेला जीव गमावतो. मेंदूतही या दोन शिकवणींची घरं वेगळी असल्याचं दिसतं. 2002 मध्ये मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी दाखवलं की, उंदराला भीती ओसरल्याची आठवण होते तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातल्या विशिष्ट पेशी सक्रिय होतात. भीती शिकण्यात मुख्य वाटा असतो तो खोल आत असलेल्या अमिग्डलाचा.

बाउटनच्या कितीतरी आधी, 1924 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये हे सगळं एका लहान मुलाच्या बाबतीत घडून गेलं होतं. मेरी कव्हर जोन्स यांनी त्याची नोंद पीटर या नावाने केली आहे. उपचार सुरू झाले तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता. पांढरा ससा, उंदीर, फरचा कोट, पिसं, कापूससुद्धा त्याला भिववायचा. जोन्स यांनी सुरुवातीला सशाला न घाबरणाऱ्या इतर मुलांबरोबर पीटरला खेळायला सोडलं. हळूहळू ससा पिंजऱ्यात लांब, मग जवळ, मग मोकळा, असं त्याला सहन होऊ लागलं.

मग पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि तो दोनेक महिने रुग्णालयात राहिला. घरी परतताना तो परिचारिकेबरोबर टॅक्सीत बसत असताना एक मोठा कुत्रा त्यांच्या अंगावर धावून आला. दोघंही घाबरली. यानंतर सशाची भीती पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेली. सशाने काहीच केलं नव्हतं. मधला काळ, नवी जागा आणि एक असंबद्ध धक्का, एवढं पुरेसं झालं. जोन्स यांनी हार मानली नाही. पीटरला उंच खुर्चीत बसवून त्याच्या आवडीचं खायला दिलं, आणि त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्याच अंतरावर सशाचा पिंजरा ठेवला. अंतर कमी करत करत शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. विलोपन काळाने होत नाही. संकेत समोर यावा लागतो आणि त्याच्यामागून जे यायचं ते यायला नको, तेव्हाच नवी शिकवण घडते. पाण्याला घाबरणारा माणूस वीस वर्षं विहिरीकडे फिरकला नाही, तर वीस वर्षांनी त्याची भीती तशीच असते. टाळणं म्हणजे जुन्या शिकवणीची राखणच.

व्यसनातही असंच होतं. माणूस व्यसनमुक्ती केंद्रात काही महिने राहतो. तिथे ती कोपऱ्यावरची टपरी नसते, पगाराची संध्याकाळ नसते, ते मित्र नसतात. संकेतच नाहीत, तर विलोपन कशाचं होणार? आणि केंद्रात जे काही नव्याने शिकला, ते त्या भिंतींशी बांधलेलं. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ओढ उसळून येते, आणि घरातले म्हणतात की याच्यात मनाचा निश्चयच नाही. हे ऐकताना मला फार वाईट वाटतं. त्याचं शरीर अभिसंधानाच्या नियमाने वागत असतं आणि आपण त्याच्या चारित्र्याला दोष देतो.

आजचे उपचारक या ज्ञानाचा उपयोग करू लागले आहेत. कुत्र्याची भीती असलेल्या माणसाला फक्त दवाखान्याच्या खोलीत एका कुत्र्यासमोर बसवून ते थांबत नाहीत. बागेत, रस्त्यावर, ओळखीच्या घरी, वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांबरोबर, कधी उपचारक सोबत असताना तर कधी एकट्याने, असा सराव करवतात. मिशेल क्रास्क यांनी या पद्धतीची मांडणी केली आहे. सुरक्षिततेची शिकवण एका खोलीत अडकू नये, म्हणून तिला जितक्या जागा देता येतील तितक्या द्यायच्या. मधूनमधून, बरं वाटत असतानाही, हा सराव पुन्हा करायचा.

माझ्या मते उपचाराच्या पहिल्याच दिवशी रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं की ही भीती, ही ओढ, एखाद्या दिवशी परत येईल. न सांगितलं तर तो दिवस उजाडला की सगळी मेहनत वाया गेली असं वाटतं आणि माणूस उपचार सोडून देतो. प्रत्यक्षात केलेलं काम कायम असतं. परत आलेल्या लाळेचं पावलॉव्हच्या प्रयोगशाळेत पुन्हा विलोपन केलं जाई, तेव्हा ती पहिल्यापेक्षा लवकर थांबे. तिसऱ्या वेळी त्याहून लवकर.