रात्रीचं गाणं आणि देवाचं दार

देवळापासून, मशिदीपासून, शाळेपासून बार किती लांब असावा? महाराष्ट्र सरकारने २०१६ च्या डान्सबार कायद्याच्या वेळी याचं उत्तर ठरवून टाकलं होतं: एक किलोमीटर. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात ती पाळणं म्हणजे बारला परवानाच न मिळणं होतं. नाचणाऱ्या बाईवर नोटा उधळायला असलेली बंदी मात्र न्यायालयाने उठवली नाही.

अंतराचा वाद असा मिटला. त्यामागचा प्रश्न फार जुना आहे. रात्र जागवणारं गाणं माणसाला देवाकडे नेतं, की देवापासून तोडतं?

इस्लाममध्ये यावर शतकानुशतकं वाद झाले. इमाम गझालींनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये समा, म्हणजे भक्तिभावाने गाणं ऐकणं, या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिलं. त्यांचं म्हणणं असं, की गाणं मनात बाहेरून काही आणून टाकत नाही, आत जे आहे तेच हलवून वर काढतं. दिल्लीत निजामुद्दीन औलियांना समाच्या समर्थनासाठी घियासुद्दीन तुघलकाच्या दरबारी उलेमांसमोर उभं राहावं लागलं. आपल्याकडे वारकऱ्यांनी गाण्याला केव्हाच भक्ती मानलं, पण पैशाबाबत ते कडक राहिले. कीर्तनकाराने मोबदला तर सोडाच, यजमानाघरचं जेवणही घेऊ नये, असं तुकोबांनी बजावून ठेवलं आहे.

मिरजेने या प्रश्नाचं उत्तर पोथीत शोधलं नाही, दर्ग्याच्या अंगणात शोधलं. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. तिकीट नाही, मानाच्या खुर्च्या नाहीत. श्रोते खाली बसतात आणि रात्र चढत जाते. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशी मंडळी इथे गायली. गायक इथे कार्यक्रम करायला येत नाही, हजेरी लावायला येतो.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. आजारपणात मीरासाहेबांच्या कृपेने बरे झाले, या श्रद्धेने ते मिरजेचे झाले, असं इथे सांगतात. नमाज कधी न चुकवण्याइतके ते धार्मिक, आणि तरीही त्यांच्या सर्वांत गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक म्हणजे कृष्णाच्या यमुनाकाठची भैरवी ठुमरी, ‘जमुना के तीर’. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पुदुच्चेरीला जाताना सिंगपेरुमल कोइल स्थानकावर त्यांचं निधन झालं. अखेरची नमाज त्यांनी दरबारी कानड्याच्या सुरांत म्हटली, अशी आठवण सांगितली जाते. देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केला.

मग पैसे घेऊन गायलेलं गाणं कमी पवित्र ठरतं का? असं म्हणणं अन्यायाचं होईल. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका पैसे मोजूनच लोकांच्या घरात पोहोचल्या. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यातून तंबोरे घडवतात आणि विकतात. २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्यावर लागलेला षड्ज वाद्याची किंमत घेतली म्हणून बाटत नाही.

फरक पडतो तो हुकमाचा. दर्ग्यातल्या सभेत गाणारा कुणाचा नोकर नसतो. ऐकणारा सराफ असो की हमाल, त्याच्या खिशावर पुढचा राग ठरत नाही. ऑर्केस्ट्रा बारमध्ये गाणाऱ्या मुलीचा गळा कितीही सच्चा असला, तरी समोरून नोट आली की तिचं गाणं बदलतं. तिथे खालावते ती ऐकणाऱ्याची वागणूक.

गवयाला असं कमी लेखणं मिरजेतही एकदा फार स्पष्टपणे घडलं आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत शिकत होते. एका समारंभाचं बोलावणं पलुस्करांना आलं, गुरूंना आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की गवयाला बोलावण्याची रीत नाही. तो अपमान मनाला लागून १८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढचं आयुष्य गवयाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात घालवलं. १९३१ मध्ये त्यांचा अंत मिरजेतच झाला.

ही प्रतिष्ठा पुढे मैफलीच्या गायकांना मिळाली. बारमध्ये, लग्नात, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्यांपर्यंत ती अजून पोहोचलेली नाही. त्यांना देवळापासून किलोमीटरभर लांब ठेवून कुठल्याही धर्माचं पावित्र्य वाढत नाही. पुढच्या उरुसाला मिरजेला जरूर जावं, चिंचेखाली बसून एक रात्र ऐकावं. आणि त्यानंतर कधी हॉटेलात कुणी गात असेल, तर नोट नाचवून फर्माईश करू नये. गाणं पुरं होऊ द्यावं, गाणाऱ्या बाईंना ‘अहो’ म्हणावं आणि पैसे हातात, अदबीने द्यावेत.